न विकायला काढलेल्या जमिनीचे गिऱ्हाईक

शेत विकायचे घरात कोणाच्या मनातही नसते. कोणाला सांगितलेले नसते, कुठे पाटी लावलेली नसते. तरीही एखाद्या सकाळी बांधावर मोटरसायकल येऊन थांबते. उतरणारा माणूस गोड बोलतो. आजोबांचे नाव घेतो, गट नंबर तोंडपाठ सांगतो आणि सहज विचारल्यासारखे विचारतो, "काका, हा तुकडा काढायचा विचार आहे का?" शहराच्या आसपास, हमरस्त्याच्या कडेला किंवा नव्या रस्त्याची मोजणी चालू असलेल्या पट्ट्यात ज्यांची शेती आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही.

आपण न बोललेली गोष्ट त्याला कशी कळली, हा पहिला प्रश्न. आपल्या शेतात त्याचा फायदा नेमका कुठे आहे, हा दुसरा. आणि आपल्याच घरातला शिकलेला, नोकरी न लागलेला मुलगा या धंद्यात पडू म्हणतो तेव्हा त्याला काय सांगावे, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांवर आज बोलू.

आधी धंदा समजून घेऊ. साधा दलाल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकत्र आणतो आणि दलाली घेतो. ती एक किंवा दोन टक्के असते आणि दोन्ही बाजूंना माहीत असते. आज आपण ज्याच्याविषयी बोलत आहोत तो माणूस वेगळा आहे. तो स्वतःच घेणारा म्हणून पुढे येतो, पण घ्यायला येत नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. तुमची दोन एकर जमीन तो एकरी १८ लाखांनी ठरवतो, म्हणजे एकूण ३६ लाख. एक लाख रुपये इसार देतो आणि खरेदीला सहा महिन्यांची मुदत घेतो. इसारपावतीत "खरेदीखत लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या इसमाचे नावे" असे चार शब्द टाकून घेतो. मग सहा महिने खरे गिऱ्हाईक शोधत फिरतो. एकरी २४ लाख देणारा कोणी मिळाला की सौदा ४८ लाखांचा होतो. खरेदीच्या दिवशी सही तुम्ही करता, पैसे तिसरा देतो आणि मधले १२ लाख एक लाख गुंतवणाऱ्याच्या खिशात जातात. गिऱ्हाईक मिळालेच नाही तर तो मुदत वाढवून मागतो किंवा दिसेनासा होतो. तुमची जमीन मात्र त्या पावतीत अडकून पडते.

अमेरिकेत या धंद्याला 'होलसेलिंग' म्हणतात आणि तिथे तो बहुतेक घरांच्या बाबतीत चालतो. घर स्वस्तात करारात बांधायचे आणि तो करारच दुसऱ्याला विकायचा. तिथेही गिऱ्हाईक शोधायची रीत हीच. पडझड झालेली घरे हेरत गाडीतून फिरायचे, कर थकलेल्यांच्या आणि वारसाहक्काच्या प्रकरणांच्या याद्या सरकारी दप्तरातून काढायच्या, त्या लोकांना पत्रे धाडायची. नवख्याला पहिला धडा हाच मिळतो की, जे घर बाजारात आलेलेच नाही ते शोध, कारण तिथे दुसरा गिऱ्हाईक भाव वाढवायला नसतो. म्हातारी माणसे आणि अडचणीतली कुटुंबे यात फार नागवली जाऊ लागली, तेव्हा काही राज्यांनी कायदे केले. इलिनॉय राज्याने २०१९ साली असे सौदे वारंवार करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. ओक्लाहोमाने २०२१ साली यावर स्वतंत्र कायदाच केला. तेव्हा हा रोग आपल्याच गावचा आहे असे समजू नये.

बातमी कुठून फुटते?

पहिली जागा म्हणजे सातबारा. पूर्वी उतारा काढायला हेलपाटे घालावे लागत. आता गट नंबर माहीत असला की कोणाचाही सातबारा कोणीही घरबसल्या पाहू शकतो. ही सोय आपल्यासाठीच झाली आणि चांगली झाली, पण ती त्यालाही आहे. तो नाव वाचून थांबत नाही, इतर हक्कांचा रकाना वाचतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, कोर्टातला दावा नोंदला आहे का, खातेदार मयत होऊन वारसांची नावे नुकतीच लागली आहेत का, हे सगळे तो टिपून घेतो. एका गटावर सहा वारस लागलेले दिसले की त्याला कळते, इथे एकमत नसणार.

दुसरी जागा म्हणजे चावडी. फेरफाराची नोटीस लागते ती हितसंबंधितांना हरकत घेता यावी म्हणून. ती आपण वाचत नाही, तो वाचतो. बँकेच्या जप्तीच्या नोटिसा आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसाही तो कात्रणे काढून ठेवतो.

तिसरी जागा रस्ता. दोन-तीन वर्षे पडीक राहिलेले शेत, कुलूप लागलेले घर, तुटलेले कुंपण आणि वाळलेली बाग हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतेच. मालक मुंबईला किंवा परदेशात आहे, एवढे शेजारी सांगतोच.

चौथी जागा आपली तोंडे. चहाचे हॉटेल, पिठाची गिरणी, खताचे दुकान, केशकर्तनालय. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाला दवाखान्यात नेले, कोणाची विहीर आटली, कोणत्या भावाभावांत वाजले, हे तिथे फुकट मिळते. बातमी आणणाऱ्याला सौदा झाल्यावर चार पैसे मिळतात, म्हणून बातमीही झटपट पोचते. यात गावाला दोष देऊन उपयोग नाही. पण आपली अडचण कोणाजवळ बोलावी, याचे भान आपल्याला हवे.

पाचवी जागा म्हणजे येऊ घातलेल्या प्रकल्पाची कुणकुण. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा जून २०२५ मध्ये. एवढ्या लांब रस्त्याची आखणी होते तेव्हा दोन्ही अंगांच्या गावांतून जमिनीची चौकशी सुरू होते, आणि नकाशा ज्याने आधी पाहिला तो आधी येतो. पण प्रकल्पाच्या भरवशावर आपणही हवेत इमले बांधू नयेत. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ साली निघाली आणि २०१९ साली रद्द झाली. "प्रकल्प येतोय, आत्ता द्या" आणि "प्रकल्प येतोय, सरकार फुकापासरी घेईल" ही दोन्ही वाक्ये दलालाच्या तोंडी सारखीच शोभतात. भूसंपादनाचा नवा कायदा २०१३ सालचा आहे आणि मोबदला ठरवण्याची रीत त्यात लिहिलेली आहे. भीतीने विकण्याआधी प्रांत कचेरीत जाऊन आपला गट संपादनात आहे की नाही हे विचारावे.

गुपचूप सौद्यात नुकसान कोणाचे?

बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची रीत आपल्याकडे होती. बाहेरच्याला आकडा कळत नसे. पण तिथे निदान आजूबाजूला शंभर जनावरे उभी असत आणि पाच व्यापारी फिरत असत. एकाने भाव पाडला तर दुसऱ्याकडे जाता येई. बांधावरच्या सौद्यात तो दुसरा व्यापारीच नसतो. "बाहेर बोलू नका काका, भाव फुटेल," असे तो सांगतो तेव्हा भाव फुटण्याची भीती त्याला असते. आपला भाव फुटला तर तो वरच जाणार असतो.

म्हणून कोणी दारात आला की हो किंवा नाही काहीच न बोलता आधी भाव काढावा. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला दर हा मुद्रांक शुल्कासाठी असतो. तोच बाजारभाव असे समजू नये. आपल्या शिवारात गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन पाहावी. ती नोंदणी विभागाकडे मिळते आणि संकेतस्थळावरही शोधता येते. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा नेहमी जुळतोच असे नाही, तरी खालची पायरी कळते. मग शेजारच्या बांधवाल्याला विचारावे. लागून जमीन असलेल्याला आपला तुकडा सर्वांत जास्त उपयोगी असतो आणि कित्येकदा भावही तोच चांगला देतो. त्याच्याशी बोलणे नसेल तर मध्यस्थ घालावा. पण बांधाच्या भांडणापायी एकरी चार-पाच लाख परक्याला सोडू नयेत.

इसारपावती हा नुसता कागद नव्हे

"पावतीच तर आहे, खरेदीखत थोडेच आहे," असे म्हणून सही करणारे फार. यातले अर्धे खरे आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत मालकी येत नाही. पण उरलेले अर्धे लक्षात ठेवा. करार झाला की समोरचा दिवाणी कोर्टात जाऊन "ठरल्याप्रमाणे खरेदी करून द्या" असा दावा लावू शकतो. २०१८ साली विशिष्ट दिलासा कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी असा हुकूम द्यावा की न द्यावा हे बरेचसे कोर्टाच्या मर्जीवर होते. आता करार सिद्ध झाला तर अंमलबजावणीकडेच कायद्याचा कल आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. तेवढी वर्षे दुसरा गिऱ्हाईक त्या जमिनीजवळ फिरकत नाही.

तेव्हा विकायचेच ठरले असेल तर इसाराच्या वेळी या गोष्टी पाहाव्यात.

"किंवा ते सांगतील त्यांचे नावे" हे शब्द कागदात असू नयेत. उलट, "या कराराचे हक्क लिहून घेणाऱ्यास दुसऱ्या कोणास देता येणार नाहीत" असे वाक्य घालावे. ज्याला खरोखर घ्यायचे आहे त्याची हरकत नसते. जो हरकत घेईल त्याचा धंदा तिथेच कळतो.

मुदत थोडी ठेवावी आणि तारीख घालून लिहावी. मुदतीत पैसे न आल्यास करार रद्द होईल, इसाराचे काय होईल, हे स्पष्ट असावे. मुदत टळली की गप्प बसू नये. वकिलाकडून टपालाने नोटीस द्यावी आणि पोच जपून ठेवावी.

इसार बँकेतून घ्यावा. २०,००० रुपये व त्यापुढचा इसार रोखीने घेण्यावर आयकर कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. शिवाय रोखीची गोष्ट उद्या सिद्ध करता येत नाही.

पूर्ण पैसे येईपर्यंत ताबा देऊ नये. कोऱ्या मुद्रांकावर सही किंवा अंगठा देऊ नये. आणि कुलमुखत्यारपत्र तर मुळीच देऊ नये. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेली विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले आहे. पण तुमचा मुखत्यार म्हणून तो खरेदीखतावर तुमच्या वतीने सही करू शकतो आणि भावही त्याचाच. तो कागद लिहून दिला की कुऱ्हाडीला आपणच दांडा दिला.

घेणारा शेतकरी आहे का, हे पाहावे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आहे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर आधी परवानगीचा प्रश्न येतो. आदिवासी बांधवांची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर तर महसूल कायद्याने कडक बंधन आहे. "ते सगळं मी करून घेतो, तुम्ही फक्त सही करा," असे म्हणून याच अडचणींच्या नावाखाली भाव पाडला जातो. परवानगी कोणी काढायची, खर्च कोणाचा, हे कागदात यावे.

बहिणीच्या दारात गेलेला माणूस

आता सर्वांत नाजूक भाग. बांधावर दाद लागली नाही की हा माणूस तुमच्या बहिणीच्या सासरी जातो, किंवा वीस वर्षांपूर्वी मुंबईला गेलेल्या चुलत भावाच्या खोलीवर जातो. "तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे. तुम्हाला वर्षाला शेंगांचं पोतं तरी येतं का? तुमच्या हिश्शाचे मी आज पैसे देतो." एवढे बोलणे पुरते.

त्याला शिव्या देण्याआधी आपल्या घरात पाहू. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्या वेळी हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही अनेक घरांत बहिणीला चोळी-बांगडी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, किंवा तिला विचारलेच जात नाही. तिच्या नवऱ्याचे आजारपण, तिच्या मुलांची फी भाऊ विचारत नाही. ते परका माणूस येऊन विचारतो. मग तिने सही केली तर दोष एकट्या तिचा कसा? ज्या घरात बहिणीची विचारपूस असते, त्या घरात दलालाला दार सापडत नाही.

कायद्यानेही एक वाट ठेवली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या २२ व्या कलमाप्रमाणे वारसाने एकत्र आलेल्या मिळकतीतला आपला हिस्सा एखादा वारस विकू लागला, तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय आहे. किंमत आपसात ठरली नाही तर कोर्ट ठरवते. पण हक्क आहे म्हणून बहिणीला पडत्या भावात गुंडाळू नये. परका जे देतो ते तरी भावाने द्यावे. एकदम जमत नसेल तर हप्ते बांधून, लिहून द्यावे. वाटणी व्हायची असेल तर ती सर्वांसमक्ष करून रीतसर नोंदवून घ्यावी. ज्याचे त्याचे नाव आणि क्षेत्र स्पष्ट झाले की दुहीचा फायदा घेणाऱ्याचे काम निम्म्याने कमी होते.

आणि घरचाच मुलगा या धंद्यात पडला तर?

पडू द्यावा. जमिनीचे व्यवहार होणारच आहेत, आणि कागद समजणारा, खरे बोलणारा मध्यस्थ गावाला हवाच आहे. पण त्याला चार गोष्टी घरातूनच सांगाव्यात.

एक, आधी कागद शिक. सातबारा, आठ-अ, फेरफार, जुने उतारे, गाव नकाशा, रस्त्याचा हक्क हे वाचता आल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नकोस. पाच-सहा गावे घे, पण त्यांची शिवाराशिवाराची माहिती ठेव. सगळा तालुका पालथा घालणाऱ्यापेक्षा अशा माणसाकडे लोक आपण होऊन येतात. नवख्याला कामे मिळतात ती अशीच. मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असलेल्या गाववाल्यांना विश्वासाचा माणूस हवा असतो. त्यातल्या अनेकांना विकायचेही नसते. खंडाने कसणारा माणूस मिळाला, मोजणी करून मिळाली, तरी ते तुझ्या कष्टाचे पैसे देतात.

दोन, कोणाची बाजू घेऊन आला आहेस ते पहिल्या वाक्यात सांग. घेणाऱ्याकडून आलास तर तसे सांग. दलाली किती, कोणाकडून, हे लिहून घे. जी दलाली तोंडावर सांगता येत नाही ती घेऊ नकोस.

तीन, मालकाला एका गिऱ्हाइकावर ठेवू नकोस. दोन-तीन गिऱ्हाइके आण. भाव वाढला तर तुझी दलालीही वाढतेच.

चार, बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट किंवा सदनिका विकायच्या असतील तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे एजंटाने नोंदणी करणे सक्तीचे आहे. ती केल्याशिवाय त्या कामाला हात लावू नकोस.

मधला फरक मारून एका सौद्यात दहा-बारा लाख मिळतात, हे त्याला मित्र सांगतीलच. पण त्या मालकाला खरा भाव कधी ना कधी कळतो. सूची क्रमांक दोन त्यालाही पाहता येते. त्यानंतर त्या गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. आपल्या मुलाला आयुष्यभर याच पंचक्रोशीत राहायचे आहे.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या प्रत्येक गटाचा आजचा सातबारा काढा आणि रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. सुनांना, मुलींनाही. फिटलेला बोजा अजून दिसतो का, मयत माणसाचे नाव राहिले आहे का, कोणाचे नाव यायचे राहिले का, ते पाहा आणि दुरुस्तीचा अर्ज द्या. बाहेरगावच्या बहीण-भावांना फोन करून कळवा. मोटरसायकलवरून येणाऱ्याने वाचण्याआधी आपला कागद आपण वाचलेला असला म्हणजे पुष्कळ झाले.